उघडलेल्या छत्रीखाली

चिखल्याला, समुद्रकाठच्या आमच्या गावी, घरामागे वहिनी बोंबील वाळत घालते. २०१४ साली हवाई दलातून निवृत्त होऊन मी गावी परतलो, तेव्हा एका सकाळी दोरीवर बोंबील अडकवता अडकवता तिने विचारलं, "भावोजी, इतकी वर्षं विचारायचं राहिलंच. ती छत्री नाय उघडली तर?"

"दुसरी असते पाठीवर."

"तीपण नाय उघडली तर?"

"मग तुझ्या हाताखालचा एक माणूस कमी झाला समज."

ती हसली, पण पुढे दिवसभर माझ्याकडे बघत राहिली. हा प्रश्न मला बँकेत, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारला गेलाय. छत्री उघडली, मग पुढे काय, असं मात्र आजवर कुणी विचारलं नाही. लोकांना वाटतं, छत्री उघडली की गोष्ट संपली, आता माणूस पिसासारखा तरंगत खाली येणार. माझी सगळी नोकरी आणि नंतरची पाच वर्षं त्या न विचारलेल्या प्रश्नात गेली. विमानातून उडी मारताना माणसं मोडतात ती बहुतेक वेळा व्यवस्थित उघडलेल्या, ठणठणीत छत्रीखाली, शेवटच्या काही क्षणांत. मी लोकांना उडी मारायला शिकवत होतो असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे मी लोकांना उतरायला शिकवत होतो.

थोडं समजावून सांगतो. आमच्या उमेदवारीत छत्री गोल होती. वारा नेईल तिकडे ती जायची. आपण पाय जुळवायचे, गुडघे सैल सोडायचे आणि जमीन लागली की कुशीवर लोळायचं. आताची छत्री लांबट चौकोनी, म्हणजे कापडाचा पंखच. तिच्यात हवा भरली की ती पुढे धावते. हातात दोन मुठी असतात. उजवी ओढली की उजवीकडे वळते, डावी ओढली की डावीकडे. दोन्ही एकदम ओढल्या की पुढचा वेग मरतो, छत्री क्षणभर थबकते, आणि त्याच क्षणी पाय जमिनीला टेकले पाहिजेत. छत्री जितकी लहान, तितकी चपळ. आणि कुठलीही छत्री जोरात वळली की वळता वळता खाली झेपावते. उंचावर याचं काही वाटत नाही. ताडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर असं वळलं, तर छत्री सरळ व्हायच्या आत जमीन येते.

मुरलेले उडीवाले हीच गोष्ट मुद्दाम करतात. पुरेशा उंचीवर, खांद्याजवळचा पुढचा पट्टा ओढून वळण घेतात. छत्री डोकं खाली घालून सुसाट सुटते. मग ती सरळ झाली की तो सगळा वेग घेऊन गवताच्या शेंड्यांवरून, जमिनीला समांतर, लांबवर सरकत जातात आणि शेवटी चालत चालत थांबतात. आम्ही तिला नुसती 'झेप' म्हणायचो. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. करणाऱ्याला तर दुसरं काही नकोसंच होतं, आणि माझी काळजी तिथूनच सुरू व्हायची.

तलासरीहून उधव्याकडे जाताना, रस्त्यापासून आत, एका कारखानदाराने कधीकाळी स्वतःच्या छोट्या विमानासाठी गवताची धावपट्टी करून घेतली होती. विमान गेलं, पट्टी राहिली. एका साहसी खेळांच्या कंपनीने ती भाड्याने घेतली आणि मला शिकवायला ठेवून हिवाळ्यापुरतं शिबिर सुरू केलं. पावसाळा संपून गवत पिवळं पडलं की आम्ही तंबू ठोकायचो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उठायचो. असे पाच हिवाळे झाले. विमान लहान, एका बाजूचं दार काढलेलं. ते चालवायचे कॅप्टन नाडकर्णी, अतिशय अबोल माणूस. वर नेल्यावर मागे वळून फक्त एकदा मान हलवायचे. त्याचा अर्थ, निघा आता.

मला तिथला वारा लहानपणापासून माहीत होता. आमच्या घरातल्या होड्या त्याच वाऱ्यावर जायच्या-यायच्या. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा, डोंगराकडून समुद्राकडे. उन्हं चढली की खारा वारा, समुद्राकडून आत. मधला काही वेळ असा, की वाऱ्याचं काही ठरलेलंच नसतं. वाऱ्याची कापडी नळी आम्ही खांबावर लावली होती, ती त्या वेळात मरगळून लोंबायची आणि मग अचानक उलटी फिरायची. छत्री नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरवतात, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी होतो. वारा पाठीमागून आला, तर तोच वेग वाढतो. म्हणून त्या मधल्या वेळात मी उड्या बंद ठेवायचो. मुंबईहून पैसे भरून आलेली मंडळी कुरकुरायची. मी चहा पाजायचो.

गिऱ्हाईकंही एकेक नमुने. बोईसरच्या एका बिल्डरला स्वतःच्या फार्महाऊसच्या वास्तुशांतीला थेट गच्चीवर उतरायचं होतं, हातात श्रीफळ घेऊन. मी विचारलं, "याआधी किती उड्या मारल्यात?" म्हणाला, "अजून एकही नाही. पण मुहूर्त शुक्रवारचा आहे." मी त्याला रस्त्याने जायला सांगितलं. त्याला राग आला नाही. उलट त्याने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि गच्ची दाखवली. गच्चीवर पाण्याची टाकी, टीव्हीच्या तबकड्या आणि कपडे वाळत घालायच्या तारा होत्या.

पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला राधीबायचं शेत होतं. राधीबाय साठीच्या पुढची, अंगाने काटक, आवाजाने खणखणीत. भात निघालं की ती तिथे वाल आणि मिरची करायची. भोवती काटक्यांचं कुंपण, कडेला दोन ताड. पहिल्याच हिवाळ्यात आमचे दोन-तीन उडीवाले अंदाज चुकून तिच्या वालांत उतरले. ती कोयता हातात घेऊनच तंबूत आली. म्हणाली, "छत्री मास्तर, तुमची माणसं वरून पडतात ती बरोबर माझ्याच वालावर कशी पडतात? एवढी मोठी जमीन दिसत नाय त्यांना?"

मला हसू आलं, पण तिचं बरोबर होतं. कंपनीच्या व्यवस्थापकाने नुकसान भरून दिलं आणि सगळ्यांना ताकीद दिली, काही झालं तरी त्या शेतात उतरायचं नाही.

हेतल आली ती त्याच हिवाळ्यात. घोलवडला तिच्या घरची चिकूची वाडी. वडील किशोरभाई, वाडी सांभाळणारे, मितभाषी गुजराती गृहस्थ. हेतल तिशीची. परदेशात शिकायला गेली होती, तिथे हा नाद लागला. परत येऊन चिकूच्या चिप्सचा उद्योग बघत होती आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवरून आमच्याकडे यायची. हवेत ती फार सुंदर होती. खाली पडताना अंगाला इतका स्थिरपणा मी मोजक्याच लोकांत पाहिलाय. पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर येऊन म्हणाली, "सर, मला झेप शिकवा ना. आणि ही छत्री किती मोठी आहे! म्हैस चालवल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, "त्या म्हशीला मी सांगीन तिथे, सांगीन तेव्हा उतरव. सलग उतरव. मग बोलू."

"किती वेळा?"

"मला कंटाळा येईपर्यंत."

तिला ते आवडलं नाही. पट्टीच्या मध्यावर मी पांढरी चादर अंथरायचो. चादरीवर कसं उतरायचं, याची एक साधी खूण आहे. खाली येताना समोरची जी जागा नजरेत हलत नाही, तिथे तुम्ही उतरणार. चादर नजरेत वर सरकत असेल तर तुम्ही अलीकडेच पडणार, पायांखाली जात असेल तर पलीकडे जाणार. ही नजर बसायला वेळ लागतो. हेतलला ती बसत होती, पण मन तिच्यात नव्हतं. तिचं लक्ष पुढच्या छत्रीवर.

दुसऱ्या हिवाळ्यात ते घडलं.

सकाळची शेवटची फेरी होती. वारा अजून डोंगराकडचा होता, म्हणून मी सोडली. हेतल शेवटी उतरत होती. ती पूर्वेकडे तोंड करून सरळ पट्टीवर आली, आणि नेमका तेव्हा वारा पडला. समोरून अडवणारं काही उरलं नाही तशी छत्री पुढे पुढे जायला लागली. चादर तिच्या पायांखालून मागे गेली. पुढे कुंपण, कुंपणापलीकडे वाल. मी तिच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर ओरडलो, "सरळ राहा! सरळ!" पण तोवर तिचा उजवा हात खाली आला होता. ताडाच्या निम्म्या उंचीवर तिने वळण मारलं. छत्री वळली, झेपावली, आणि हेतल लोलकासारखी बाजूला झुलून कुशीवर आदळली. तो आवाज मी लिहीत नाही.

मी धावत पोचलो तर राधीबाय माझ्याआधी तिथे होती. हेतल शुद्धीवर होती, उठायचा प्रयत्न करत होती. "पोरी, हलू नको," असं म्हणत राधीबायने तिचे खांदे जमिनीला धरून ठेवले. मी हेतलचं डोकं दोन्ही हातांत पकडलं आणि तिला उचलायला फळी आणा म्हणून ओरडलो. राधीबायने आपल्या मुलाला घराचं दार काढून आणायला लावलं. त्या दारावर हेतलला बांधून आम्ही जीपमध्ये ठेवली. कासाच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता मी तिच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसून काढला. खड्डा आला की ती डोळे मिटायची आणि गुजरातीत काहीतरी पुटपुटायची. कासाला प्राथमिक उपचार झाले आणि तिथून तिला मोठ्या इस्पितळात हलवलं. उजवी मांडी आणि कंबरेचं हाड मोडलं होतं. पाठीचा कणा वाचला.

दोन दिवसांनी राधीबाय तंबूच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "ती माझा वाल वाचवायला वळली काय?"

मी म्हटलं, "माहीत नाही, बाय."

"मला माहीत आहे. मीच ओरडत होते ना सगळ्यांवर." मग म्हणाली, "आता कुणालाबी सांग. कुठंबी उतरा. वाल परत येतो."

कंपनीने आठवडाभर शिबिर बंद ठेवलं. पुन्हा सुरू करताना नियम काढला, झेप शिकवायची नाही, लहान छत्री आणायची नाही. नियम समजण्यासारखा होता. पण हेतल त्या दिवशी झेप घेत नव्हती. ती मोठ्या, साध्या छत्रीखाली सरळ चालली होती. घाबरली आणि हात खाली गेला. माणूस रस्त्यात समोर काही आलं की गाडीचं स्टिअरिंग फिरवतो, तसा. ज्याला कुठलंच वळण माहीत नाही, त्याच्या हातूनही ते वळण होतंच. हे मी व्यवस्थापकाला सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुमचं बरोबर असेल. पण लोकांना हे कसं समजावणार?"

मी घोलवडला हेतलला बघायला जायचो. खिडकीला लागून तिचा पलंग, बाहेर चिकूची झाडं. पहिल्या वेळी किशोरभाईंनी मला पाणी दिलं आणि समोर बसले. म्हणाले, "साहेब, मी तुम्हाला दोष देत नाही. जुओ, बघा ना, ती लहानपणी चिकूच्या झाडावरून पडली होती, तेव्हा मी ते झाड तोडलं नाही. पण आता माझी एक विनंती आहे. ती बरी झाली, की तिला हो म्हणू नका."

मी काही म्हणणार तेवढ्यात आतून हेतलने हाक मारली.

"सर, पप्पा काय म्हणाले ते ऐकलं मी. ते राहू दे. मला आधी सांगा, काय झालं?"

"तुला काय आठवतं?"

"चादर खाली गेली. कुंपण दिसलं. वाल दिसले. वाटलं, राधीबाय ओरडेल." ती थोडं हसली. "मग काही नाही. हात आपोआप गेला, सर. मी ठरवलंच नव्हतं."

मी तिच्या पांघरुणावर बोटाने पट्टी काढून दाखवली. सरळ गेली असतीस तर कुंपण पायांनी मोडलं असतं, वालाची नासाडी झाली असती, घोटा मुरगळला असता फार तर. छत्री जमिनीला समांतर ठेवायची, समोर जे येईल त्यात जायचं, दोन्ही मुठी एकदम ओढायच्या. वळायचंच झालं तर अर्ध्या ओढलेल्या मुठींवर, सपाट, हळू.

"हे तुम्ही वर्गात सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला पाठ होतं. हाताला माहीत नव्हतं."

तिने पांघरुणावरची माझ्या बोटाची रेघ तळहाताने पुसली. मग म्हणाली, "मला पुन्हा यायचंय. पण झेपेसाठी नाही. म्हणजे झेप शिकायची आहेच, पण ती सोडून द्यायला शिकवा मला आधी. कधी सोडायची, कशी सोडायची. हाताला माहीत होईपर्यंत."

तिशी ओलांडलेल्या, कंबर मोडून पडलेल्या बाईने हे मागितलं होतं. किशोरभाईंना मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. मी बाहेर आलो आणि त्यांना तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तिने मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही."

हेतलचा एक हिवाळा असाच गेला. आधी कुबड्या, मग काठी, मग नुसतं लंगडणं. २०१७च्या हिवाळ्यात डॉक्टरांचं पत्र घेऊन आली. दरम्यान व्यवस्थापकाशी भांडून, समजावून, मी नियम थोडा सैल करून घेतला होता. अनुभवी लोकांना माझ्या देखरेखीखाली, पायरी पायरीने.

आम्ही पहिल्यापासून सुरू केलं. तीच मोठी छत्री. पुन्हा म्हैस म्हणाली नाही. वळण आधी उंचावर, जिथे चूक झाली तरी काही बिघडत नाही. वळण घ्यायचं आणि मनगटावरच्या मापकावर बघायचं, छत्रीने किती उंची खाल्ली. सकाळच्या थंड हवेत किती, तापलेल्या हवेत किती, दमलेल्या हाताने किती. माणसाला वाटतं छत्री रोज सारखीच उंची खाते. तसं नसतं.

मग सोडायचा सराव. ती वळणात शिरली की मी रेडिओवर कधीतरी, न सांगता, "सोड!" म्हणायचो. पट्टा सोडायचा, दोन्ही मुठी ओढून छत्री समांतर करायची आणि ज्या दिशेला तोंड असेल तिकडे सरळ जायचं. मग ती दिशा कुठलीही असो. सुरुवातीला तिचा हात घुटमळायचा. वळण अर्ध्यावर सोडणं मनाला पटत नाही. वाटतं, अजून थोडं, आता सरळ होईलच. आमच्या धंद्यातलं ते सगळ्यात महागडं 'अजून थोडं'. खाली आल्यावर ती छत्री गोळा करत विचारायची, "उशीर झाला ना?" मी म्हणायचो, "झाला." ती पुन्हा विमानाकडे लंगडत जायची.

मी तिला गोड काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, असं कधी कधी वाटतं. पण जमीन कुणाशी गोड बोलत नाही आणि तिच्याआधी मीच कडक बोललेलं बरं, असा माझा हिशेब होता.

हळूहळू छत्री लहान केली, एका वेळी एक पायरी. २०१८च्या डिसेंबरमध्ये एका सकाळी तिने पहिली खरी झेप घेतली. पट्टीला काटकोनात येऊन पट्टा ओढला, छत्रीने डोकं खाली घातलं, कापड टर्रकन फाटावं तसा आवाज झाला, आणि ती गवतावरून सरसरत माझ्यासमोरून गेली. गवताचे तुरे तिच्या बुटांना लागत होते. चादरीच्या पलीकडच्या काठावर दोन पावलं टाकून उभी राहिली. कुंपणाशी राधीबाय उभी होती. ती म्हणाली, "बगळा उतरला गं बाय!" हेतल तिथेच मांडी घालून बसली आणि रडली. मी चादर झटकायच्या निमित्ताने दुसरीकडे तोंड केलं.

२०१९चा फेब्रुवारी आमच्या शिबिराचा शेवटचा महिना ठरला. धावपट्टीची जमीन विकली गेली होती. कंपनीने निरोप म्हणून एका रविवारी प्रात्यक्षिक ठेवलं आणि गावोगाव सांगितलं. माणसं आली ती विचारू नका. आजूबाजूच्या पाड्यांतून बायकापोरं चालत, उधव्याहून टेम्पो भरभरून, डहाणूहून मोटारी. भेळवाला, उसाचा रस, बर्फाचा गोळा. पट्टीच्या दक्षिणेला दोरी बांधून सगळ्यांना तिच्या मागे उभं केलं होतं. उत्तरेला तळं होतं, फेब्रुवारीत निम्मं आटलेलं, कडेला गुडघाभर चिखल. तिकडे कुणी नव्हतं.

शेवटची उडी हेतलची, झेपेची. किशोरभाई आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या शेजारी खुर्ची दिली तर बसले नाहीत. पांढरा सदरा-लेंगा, हात पाठीमागे. मी म्हटलं, "किशोरभाई, ती आता पक्की आहे." ते म्हणाले, "तुम्ही सांगता म्हणून आलो."

विमान वर घरघरलं. सगळ्यांनी माना वर केल्या. ठिपका पडला, छत्री उघडली, टाळ्या झाल्या. कर्ण्यावरून निवेदक सांगत होता, आता बघा, आता बघा. हेतल ठरलेल्या वाटेने आली. आधी वाऱ्याबरोबर, मग पट्टीला काटकोनात, दक्षिणेकडून गर्दीच्या डोक्यांवरून बऱ्याच उंचावरून उत्तरेकडे. इथून तिला वळून पट्टीवर यायचं होतं. तिचा हात पट्ट्याकडे गेला. छत्री वळायला लागली, डोकं खाली घातलं.

त्याच वेळी दोरीखालून एक माणूस पट्टीवर आला. लग्नाची शूटिंग करणारा तलासरीचा व्हिडिओवाला. खांद्यावर कॅमेरा, एक डोळा मिटलेला, चांगल्या कोनासाठी उलटा उलटा चालत तो बरोबर पट्टीच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. त्याला कॅमेऱ्यात फक्त आकाश दिसत होतं. दोरीजवळचे दोघे-तिघे ओरडले, त्याला वाटलं हेतलसाठी ओरडतायत. मी रेडिओ तोंडाशी नेला. अंगठा बटणावर ठेवला.

आणि वर छत्री सपाट झाली. तिने पट्टा सोडला होता. वळण सुरुवातीलाच मोडून ती जिकडे तोंड होतं तिकडे, सरळ, पट्टी ओलांडून गेली. हात कुठेही वेडावाकडा गेला नाही. समोर तळं होतं. तिने दोन्ही मुठी शेवटपर्यंत ओढल्या आणि तळ्याच्या कडेच्या चिखलात पायांवर उतरली, दोन पावलं गेली, आणि पालथी पडली. छत्री पुढे जाऊन पाण्यावर पसरली.

गर्दीतली माणसं टाचा उंचावून तळ्याकडे बघायला लागली. मग ती चिखलाने माखलेली उभी राहिली तसा हशा पिकला. निवेदकाला काय बोलावं सुचेना. तो म्हणाला, "थोडासा अंदाज चुकला." माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "एवढ्या लांबून आलो ते हे बघायला?" व्हिडिओवाल्याला अजूनही काही कळलं नव्हतं. तो धावत तळ्याकडे गेला आणि काठावरून ओरडला, "मॅडम, परत एकदा घेता का? माझा शॉट राहिला."

हेतलने त्याच्याकडे बघितलं आणि पोट धरून हसायला लागली.

तेव्हा कुठे मी बटणावरचा अंगठा काढला. इतक्या वर्षांत मी देखण्या झेपा पुष्कळ पाहिल्या. प्रदर्शनांत, मोठमोठ्या पाहुण्यांसमोर, बँडच्या तालावर. पण इतक्या लोकांसमोर, वळण सुरू झाल्यावर, टाळ्या अर्ध्यावर असताना, ते सोडून देणारा हात मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या हजारभर माणसांत ते कुणालाही कळलं नाही. समजावून सांगावं असं मनात आलं, कर्णा हातात घ्यावासा वाटला. मग वाटलं, कशाला? व्हिडिओवाला दोन पायांवर उभा आहे, ती दोन पायांवर उभी आहे. हसू देत लोकांना.

किशोरभाई हलले नव्हते. हात तसेच पाठीमागे. माझ्या हातातल्या रेडिओकडे बघत त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही तिला सांगितलंत ना? सोड म्हणून?"

"नाही, किशोरभाई," मी म्हणालो. "मी बोलायच्या आत तिने सोडलं होतं."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"एक शब्दही नाही."

ते तळ्याकडे वळले. हेतल पाण्यातून छत्री ओढायचा प्रयत्न करत होती. भिजलेलं कापड फार जड होतं, ते तिला एकटीला आवरत नव्हतं. किशोरभाईंनी चपला काढून माझ्या खुर्चीखाली नीट जोडून ठेवल्या, लेंगा गुडघ्यांपर्यंत वर केला, पट्टी ओलांडून गेले आणि सरळ त्या चिखलात शिरले. मी पाहिलं, त्यांनी तिला काही विचारलं नाही. छत्रीचं दुसरं टोक धरलं, आणि दोघं मिळून ती पिळायला लागले.